मुनाबावचा शनिवार

राजस्थानात बाडमेरच्या पश्चिमेला रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटर गेलं की मुनाबाव लागतं. भारतीय प्रवाशासाठी रूळ इथे संपतात. राष्ट्रीय महामार्ग 25 इथूनच सुरू होतो आणि बाडमेर, जोधपूर करत ब्यावरकडे जातो. गाव वाळूच्या टेकड्यांमध्ये वसलेलं आहे. खेजडी आणि आकाची झुडपं, बाजरीची शेतं, शेळ्या-मेंढ्या आणि जपून वापरायचं पाणी, एवढीच एकेकाळी त्याची ओळख होती. जोधपूर संस्थानाची मीटरगेज रेल्वे 1900च्या सुमारास इथून सिंधकडे गेली, तेव्हा गावाला एक थांबा मिळाला. कराची आणि हैदराबादहून, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादहून, मारवाड-गुजरातकडे येणारे प्रवासी इथून जात आणि त्यातल्या फारच थोड्यांना या गावाचं नाव माहीत असे.

मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुनाबावच्या पश्चिमेला जुना थारपारकर जिल्हा लागतो. तो सिंधचा भाग आणि 1 एप्रिल 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. म्हणजे जोधपूर महाराजांचं राज्य इथे संपायचं आणि मुंबईच्या गव्हर्नरचा मुलूख सुरू व्हायचा. ती हद्द नकाशावरच होती. लोक ती ओलांडून लग्नाला जात, गुरं चारायला जात, उमरकोटच्या बाजाराला जात. ऑगस्ट 1947 मध्ये त्याच हद्दीची आंतरराष्ट्रीय सीमा झाली. मुनाबाव जिथल्या तिथेच राहिलं, पण देशाच्या आतला एक थांबा देशाचं शेवटचं स्थानक झाला.

1965च्या युद्धात इथून सिंधकडे जाणारी गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला 41 वर्षं लागली. 18 फेब्रुवारी 2006 पासून ऑगस्ट 2019 पर्यंत आठवड्यातून एकदा थार एक्स्प्रेस या वाटेने धावली. मुनाबावचा आठवडा त्या काळात शनिवारभोवती फिरत होता. खाली मांडला आहे तो त्या वर्षांतल्या शनिवारचा दिनक्रम. एखाद्या ठरावीक तारखेचा तो नाही. त्या तेरा-साडेतेरा वर्षांत आठवड्यामागून आठवडे जे घडत राहिलं, ते इथे वर्तमानकाळात लिहितो आहे.

रात्री एक

दिवसाची सुरुवात मुनाबावमध्ये होत नाही. ती तीनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकावर होते. भारताकडून गाडीत चढायचं ते इथेच. सीमेपर्यंत जाणाऱ्या या गाडीचं रेल्वेतलं नाव थार लिंक एक्स्प्रेस. संध्याकाळपासून फलाटाबाहेर सामानाचे ढीग लागलेले असतात. सुती दोरीने करकचून बांधलेल्या गोण्या, पत्र्याच्या ट्रंका, वर मार्करने नाव-गाव लिहिलेल्या चेनच्या बॅगा. सोडायला आलेली माणसं जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. पासपोर्ट आणि व्हिसा पाहिल्याशिवाय तिकीट मिळत नाही, आणि तिकीट पाहिल्याशिवाय फलाटावर सोडत नाहीत.

या गर्दीत बाडमेर जिल्ह्यातली बरीच माणसं असतात, आणि मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते त्यांचं. बाडमेरचा माणूस आधी दोनशे किलोमीटर पूर्वेला जोधपूरला येतो. मग रात्रीच्या गाडीत बसून त्याच वाटेने उलटा पश्चिमेला निघतो. पहाटे साडेचारच्या सुमाराला गाडी त्याच्या स्वतःच्या शहरातून जाते. तिथे त्याला उतरता येत नाही आणि त्याच्या नातेवाइकाला चढता येत नाही. गडरा रोडच्या आसपासच्या गावात राहणारा असेल तर खिडकीतून त्याला स्वतःच्या गावाची वाट ओळखू येते. सुरक्षेची कारणं असतील, मी ती नाकारत नाही. पण बाडमेरला थांबा द्या, ही मागणी लोक गाडी सुरू झाल्यापासून करत होते आणि गाडी बंद होईपर्यंत ती मान्य झाली नाही. जिच्यावर पहिला हक्क सीमेवरच्या माणसांचा होता, ती गाडी त्यांच्या दारावरून न थांबता गेली.

पहाटे साडेचार

गाडी बाडमेर सोडते, त्याच सुमाराला तिच्या पुढच्या वाटेवर माणसं कामाला लागलेली असतात. रामसर, गागरिया, गडरा रोड, लीलमा, जैसिंधर ही सगळी छोटी स्थानकं, आणि त्यांच्यामध्ये उघडं वाळवंट. इथल्या ट्रॅकमनचा खरा शत्रू वाळू आहे. एप्रिलपासून पावसापर्यंत नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि टेकडीच्या टेकडी जागा बदलते. काल संध्याकाळी साफ केलेला रूळ पहाटे वाळूखाली गेलेला असतो.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. चावीवाला, म्हणजे की-मन, खांद्यावर हातोडा, कमरेला पाना आणि काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या हद्दीतला सगळा रूळ पायी तपासतो. एरवी त्याचं लक्ष निसटलेल्या चाव्यांवर आणि ढिल्या बोल्टांवर असतं. इथे आधी त्याला रूळ शोधावा लागतो. रुळाच्या आतल्या कडेला चाकाची कड जिथून फिरते, ती खाच मोकळी असायलाच हवी. तिथे वाळू दाबून बसली आणि चाक तिच्यावर चढलं तर डबा घसरतो. म्हणून फावड्याने वरची वाळू ओढून झाली की ती खाच लोखंडी सळईने खरवडून काढतात आणि शेवटी हाताने पुसून पाहतात. खडीत शिरलेली वाळू वेगळाच त्रास देते. खडीचं काम पाणी खाली जाऊ देण्याचं आणि गाडीचा भार झेलण्याचं. तिच्या फटी वाळूने बुजल्या की रुळाखालचा थर ताठर होतो, गाडीचे धक्के स्लीपरना सोसावे लागतात. घमेल्याने उचललेली वाळू वाऱ्याच्या खालच्या अंगाला टाकायची असते, नाहीतर तासाभरात ती परत येते. टेकडी सरकू नये म्हणून रुळाच्या कडेने झुडपं लावतात, काटेरी फांद्यांचे आडवे बांध घालतात. काम कष्टाचं आहे आणि ते कधी संपत नाही. त्याचं नाव मात्र कुठल्याही करारात येत नाही. दोन देशांच्या परराष्ट्र खात्यांनी मिळून ही गाडी सुरू केली खरी, पण प्रत्येक शनिवारी ती चालवली ती या फावड्यांनी.

याच पट्ट्यात, गडरा रोडजवळ, 9 सप्टेंबर 1965 रोजी तोडलेला रूळ जोडायला गेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांवर पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला. 17 जण मारले गेले. सैन्याला रसद पोचवणारा हा एकच रूळ होता आणि तो तुटलेला ठेवून परत फिरायला ते तयार नव्हते. त्यांचं स्मारक गडरा रोडला आहे. दर वर्षी 9 सप्टेंबरला तिथे रेल्वेची माणसं आणि गावकरी जमतात. खुद्द गडरा शहर मात्र फाळणीत पलीकडे गेलं. भारतात राहिलं ते त्याच्या नावाचं स्थानक, आणि त्या स्थानकाभोवती नवं गाव उभं राहिलं.

सकाळी सात

गाडी मुनाबावला लागते. जुन्या थांब्याच्या जागी आता लांबलचक फलाट, प्रतीक्षागृह, इमिग्रेशनच्या खिडक्या, कस्टमची टेबलं असं सगळं आहे. लुणी–मुनाबाव मार्ग या शतकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला. पलीकडे मीरपूर खास ते सीमेजवळच्या खोखरापारपर्यंतची जुनी मीटरगेजही 2006च्या आधी उखडून ब्रॉडगेज केली गेली. पाकिस्तानने सीमेच्या अगदी जवळ झिरो पॉइंट नावाचं नवं स्थानक बांधलं. कराचीहून रात्री निघालेली त्यांची गाडी साधारण याच सुमाराला तिथे पोचत असते. दोन्हीकडचे प्रवासी एकमेकांपासून काही किलोमीटरवर, एकाच वेळी चहा पीत रांगेत उभे असतात.

गावातला माणूस फलाटावर येऊ शकत नाही. हा पट्टा प्रतिबंधित आहे. बाहेरच्या माणसाला तर परवानगीशिवाय या भागात येताच येत नाही. हमालीचं काम मिळतं ते पोलिसांनी चौकशी करून पास दिलेल्यांनाच. आठवड्यातल्या या एका दिवसाच्या कमाईवर त्यांच्या घरात बरंच काही अवलंबून असतं. पाण्याची सोय आधीपासून करून ठेवावी लागते. इथलं भूजल खारं आहे आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी माठ भरलेले असणं ही इथे पासपोर्टाच्या शिक्क्याइतकीच महत्त्वाची व्यवस्था आहे.

आठ ते अकरा

दिवसाचा सगळ्यांत लांब भाग हा. आधी इमिग्रेशन, मग कस्टम.

भारत-पाकिस्तानचा व्हिसा देशाचा मिळत नाही, गावांचा मिळतो. ज्या शहरांची नावं लिहिली आहेत तिथेच जायचं, पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत नोंद करायची, निघतानाही करायची. सीमेलगतच्या जिल्ह्यांची परवानगी मिळणं सर्वांत अवघड. म्हणून कित्येकदा सिंधमधली बहीण आणि बाडमेरचा भाऊ भेटतात ते जोधपूरला, तिसऱ्याच कुणाच्या घरी. व्हिसा मिळवणं हीसुद्धा एक यात्राच असते. कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास 1994 मध्ये बंद झाला, तेव्हापासून थारपारकरच्या खेड्यातल्या माणसाचा अर्ज हजारभर किलोमीटरवरच्या इस्लामाबादला जातो. मुंबईतही पाकिस्तानचं वाणिज्य कार्यालय राहिलं नाही, त्यामुळे इकडच्या माणसाला दिल्ली गाठावी लागते.

खिडकीवर बसलेला अधिकारी पासपोर्टावरचा फोटो आणि समोरचा चेहरा पाहतो. घुंगट घेतलेल्या बाईला महिला पोलीस बाजूला नेते. नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर एक असतं, कारण सही-अंगठ्याच्या पिढीतल्या माणसाने नाव सांगितलं आणि कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं. अशा वेळी शेजारच्या रांगेतलं कुणीतरी मदतीला येतं. अधिकारी आणि प्रवासी दोघंही मारवाडी किंवा धाटकी बोलतात. धाटकी ही थारमधली बोली, आणि ती सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे.

कस्टमच्या टेबलावर बॅगा उघडतात. आत काय असतं? लग्नाचे कपडे. त्यातही एकच माप चार वेळा, कारण पुतण्या-भाच्यांची उंची माहीत नाही म्हणून अंदाजाने घेतलेले. डब्यात मिठाई. औषधं, बहुतेक आयुर्वेदिक, प्रत्येक पुडीवर कुणासाठी आहे ते लिहिलेलं. फोटोंचे अल्बम. बांगड्या, काचेच्या, वर्तमानपत्रात एक-एक गुंडाळलेल्या. तपासनीसाला सगळं पाहावंच लागतं, कारण याच वाटेने नको त्या गोष्टीही जाऊ शकतात. बांगड्यांचे कागद एकेक करून सुटतात आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती बाई त्या पुन्हा एकेक करून गुंडाळत बसते. मागची रांग थांबते. कुणी घाई करत नाही. या गाडीने येणाऱ्याने इथवर यायला वर्ष-दोन वर्षं घालवलेली असतात, त्याला अर्ध्या तासाचं काही वाटत नाही.

ही माणसं कोण, हे सांगायला हवं. त्यात सोढा राजपूत मोठ्या संख्येने असतात. उमरकोट हे त्यांचं मूळ ठाणं आणि तिथे राहिलेल्या सोढांची मोठी वस्ती आजही आहे. राजपुतांमध्ये एका कुळात सोयरीक होत नाही. सिंधमध्ये राहिलेले राजपूत बहुतेक सोढाच, म्हणजे मुलाला बायको आणि मुलीला नवरा शोधायचा तर राजस्थानच गाठायला हवं. त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे सोयरिकीची वाट होती. त्यांच्याबरोबर मेघवाळ आहेत, भील आहेत, मांगणियार गायक आहेत, दोन्ही बाजूंना भाऊबंद असलेले सिंधी मुसलमान आहेत. आपल्याकडचेही असतात. उल्हासनगरहून निघालेलं एखादं सिंधी कुटुंब, रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान, ज्यांचे चुलते-मामे कराचीत स्थायिक झाले. कराचीत फाळणीपूर्वी मराठी माणसांची चांगली वस्ती होती आणि कोकणी मुसलमानांची आजही आहे. मुंबईहून कराचीला बोटीने जाता यायचं तो काळ गेला. त्यांना मुंबई–जोधपूर–मुनाबाव–कराची अशी जमिनीवरून जायला मिळालेली ही वाट होती. वाघा-अटारीमार्गे गेलं तर लाहोरपासून पुन्हा हजाराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला उतरावं लागतं.

दुपारी साडेबारा

स्थानकापासून थोड्या अंतरावर तारेचं कुंपण आहे आणि त्यात रुळांसाठी एक फाटक. एरवी ते कुलूपबंद असतं. सीमा सुरक्षा दलाचे जवान आधी रुळाची पाहणी करतात, मग डब्यांची, खालून, छतावरून. गाडी कुणाची जायची हे ठरलेलं असतं: सहा महिने भारताचा रेक, म्हणजे डब्यांचा संच, झिरो पॉइंटपर्यंत जाऊन येतो, सहा महिने पाकिस्तानचा रेक मुनाबावपर्यंत. परवानगीची देवाणघेवाण होते, फाटक उघडतं आणि गाडी चालण्याच्या वेगाने पुढे सरकते.

अंतर अगदी थोडं, पण या थोड्या अंतराने पाहिलेलं बरंच आहे. 1947-48 मध्ये मीरपूर खास आणि हैदराबादकडून निघालेल्या हिंदू कुटुंबांच्या गाड्या इथून जोधपूर-मारवाड जंक्शनकडे गेल्या. त्यातली कित्येक माणसं पुढे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या बराकींमध्ये पोचली. त्या छावण्यांचं 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर झालं. उलट्या दिशेने, विशेषतः 1950च्या दशकात, भारतातले मुसलमान खोखरापारमार्गे सिंधमध्ये गेले. पंजाबच्या फाळणीवर जितकं लिहिलं गेलं त्याच्या मानाने या वाटेवर फारच थोडं लिहिलं गेलं. इथे कत्तली त्या प्रमाणात झाल्या नाहीत, म्हणून बहुधा. पण घर सोडून जाणं इथेही तितकंच कायमचं होतं.

1971 मध्ये भारतीय सैन्य याच रुळाच्या आधाराने खोखरापार घेत नया छोरच्या दिशेने गेलं. रेल्वेच्या माणसांनी मागोमाग रूळ जोडला आणि काही काळ भारतीय गाड्या त्या बाजूला धावल्या. 1972च्या सिमला करारानंतर तो मुलूख परत गेला. परतणाऱ्या सैन्याबरोबर आणि त्याच्या आगेमागे थारपारकरमधली हजारो हिंदू कुटुंबं बाडमेरकडे आली. आज बाडमेर जिल्ह्यात तुम्ही कुणाला विचारलंत तर प्रत्येक गावात 'एकाहत्तरला आलेले' सापडतील. त्यांची अर्धी नाती तिकडेच राहिली आणि पुढची 34 वर्षं त्या नात्यांपर्यंत जायला इकडून गाडी नव्हती.

2006 मध्ये रेल्वे सुरू होण्याच्या जरासं आधी माजी परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह, जे स्वतः बाडमेरच्या जसोल गावचे, यात्रेकरूंचा एक जथा घेऊन याच बाजूने रस्त्याने सीमा ओलांडून बलुचिस्तानातल्या हिंगलाज मातेच्या दर्शनाला गेले होते.

दुपारी दोन ते सहा

आता उलटा ओघ. पलीकडचे प्रवासी मुनाबावला उतरतात आणि सकाळचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, फक्त तपासणी अधिक कसून. अजरकच्या ओढण्या, सुका मेवा, लहान मुलांच्या हातात कराचीच्या बिस्किटांचे पुडे. ऊन फलाटावर तिरपं येतं आणि मुलं रडायला लागतात.

या रांगेत काही कुटुंबं अशी असतात की त्यांच्याकडे सामान जास्त असतं आणि बोलणं कमी. मेघवाळ आणि भील, सिंधच्या जमीनदारांच्या शेतावर राबणारी. व्हिसा यात्रेचा किंवा नातेवाइकांच्या भेटीचा असतो, हातात परतीचं तिकीट असतं, आणि ते वापरायचं नाही हे घरातल्या मोठ्यांनी ठरवलेलं असतं. जोधपूरला उतरल्यावर ती काली बेरी, आंगणवा अशा वस्त्यांमध्ये जातात, जिथे आधी आलेले आहेत. झोपडी, दगडाच्या खाणीत मजुरी, व्हिसा वाढवून घेण्याच्या फेऱ्या आणि नागरिकत्वाची वर्षानुवर्षं वाट. यातल्या कित्येकांना शाळा, रेशन, वीज यांसाठी कागद नसल्याने झगडावं लागलं. त्यांना इथे आणणारी गाडी सरकारने दिली आणि इथे आल्यावर त्यांच्याकडे पाहायला सरकारला फार वेळ लागला, असं माझं स्पष्ट मत आहे. 2019चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, त्याचे नियम मार्च 2024 मध्ये आले. त्या नियमांनीही 31 डिसेंबर 2014 नंतर आलेल्यांना बाहेर ठेवलं. म्हणजे शेवटच्या साडेचार वर्षांत याच फलाटावर उतरलेली माणसं त्या कायद्यात बसतच नाहीत.

संध्याकाळी सात

थार लिंक एक्स्प्रेस जोधपूरकडे परत निघते. झिरो पॉइंटवरून त्यांची गाडीही रात्रीच्या प्रवासाला कराचीकडे निघालेली असते. कस्टमची टेबलं आवरली जातात, रजिस्टरं बंद होतात, जवान फाटकाचं कुलूप ओढून पाहतात. हमाल पैसे मोजून घराकडे वळतात. उद्यापासून सहा दिवस बाडमेरहून येणारी पॅसेंजर गाडी तेवढी येईल आणि तिच्यात गावचीच माणसं असतील.

रात्री वारा पडला नाही तर वाळू पुन्हा रुळांवर यायला लागते. रविवारी सकाळी चावीवाला नेहमीच्या वेळी निघतो, कारण पॅसेंजरलाही रूळ लागतोच.

त्यानंतर

ऑगस्ट 2019 मध्ये जम्मू-काश्मीरबाबतच्या निर्णयानंतर पाकिस्तानने गाडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. 9 ऑगस्टच्या रात्री भगत की कोठीहून शेवटची गाडी निघाली, तिच्यात 165 प्रवासी होते. 16 ऑगस्टला भारतानेही पुढचे आदेश येईपर्यंत गाडी थांबवली. ते पुढचे आदेश अजून आलेले नाहीत.

त्या वर्षी सिंधमध्ये लग्न करून परतलेल्या काही नवरदेवांच्या बायका तिकडेच अडकल्या. व्हिसे मिळून त्या 2021 मध्ये आल्या त्या अटारीमार्गे, म्हणजे थारमधून उत्तरेला लाहोर आणि तिथून पंजाब करत पुन्हा खाली थारमध्ये. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीही बंद झालं. मे महिन्यात दोन्ही देशांतल्या लष्करी संघर्षाच्या वेळी बाडमेरमध्ये अंधार पाळला गेला आणि बाडमेर–मुनाबाव पॅसेंजरसुद्धा काही दिवस रद्द करावी लागली.

दहशतवादाने गेलेल्या जिवांची किंमत मी कमी लेखत नाही, आणि फाटक आज उघडा असंही म्हणत नाही. पण जुलै 2018 मधली एक घटना विसरता येत नाही. बाडमेर जिल्ह्यातल्या नातेवाइकांकडे आलेली एक पाकिस्तानी महिला इथेच वारली. व्हिसाची मुदत, गाडीचा वार, कागदपत्रं, काहीच जुळत नव्हतं. दोन्ही सरकारांनी विशेष परवानगी दिली, गाडीचा दिवस नसताना मुनाबावचं फाटक उघडलं आणि तिचा देह दफनासाठी तिच्या गावी गेला. मनात आणलं तर हे करता येतं. संबंध कितीही ताणलेले असले तरी लग्न, मयत आणि आजारपण या तीन कारणांसाठी महिन्यातून एकदा हे फाटक उघडण्याची सोय दोन्ही देशांनी कायमची ठेवायला हवी, आणि गाडी पुन्हा सुरू होईल त्या दिवशी तिला बाडमेरचा थांबा असायला हवा.

आणि वाचकांना एक विनंती. उल्हासनगर, पिंपरी, कोल्हापूरजवळचं गांधीनगर, नागपूरचं जरीपटका अशा ठिकाणी 1947-48ची वाट आठवणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, तर ते मीरपूर खासहून कोणत्या गाडीने निघाले, खोखरापारला किती वेळ थांबले, मुनाबावला पाणी कुणी दिलं, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.